न दुखणारा पाय

नवऱ्याचा पाय दुखायचा थांबला तो बुधवार होता. हे मला पक्कं आठवतं, कारण बुधवारी आमच्याकडे प्रार्थना असते. दर आठवड्याला चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी जमायचं, गीतं म्हणायची, आजाऱ्यांसाठी देवाकडे मागायचं आणि शेवटी चहा-पोहे. याला आम्ही कॉटेज मीटिंग म्हणतो, घर पत्र्याचं असलं तरी. त्या बुधवारी पाळी आमच्या घराची होती आणि आजारी माणूसही आमच्याच घरात होतं. मला वाटलं, किती छान जुळून आलंय! तसं वाटल्याचा मला आज स्वतःचाच राग येतो.

नवरा जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या मिलमध्ये कामाला होता. फिरत्या लोखंडी रुळांतून लालभडक सळई बाहेर येते, ती लांब चिमट्यानं धरून पुढच्या रुळात घालायची, हे त्याचं काम. एके दिवशी सळई सुटली, उसळली आणि त्याच्या डाव्या पावलावर आडवी पडली. बूट जळून कातडीला चिकटला. सोबतच्या माणसांनी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. मी मस्तगडच्या बाजारातून साड्यांचे फॉल घेऊन येत होते, तिथूनच रिक्षा केली. पोचले तर तो खाटेवर ओरडत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचं ओरडणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली निघाली. आम्हाला पत्ताच नव्हता. गोळ्या चुकवायच्या नाहीत, दिवसाआड येऊन पट्टी बदलायची, जखम भरायला वेळ लागेल, असं बजावून त्यांनी काही दिवसांनी घरी सोडलं. सुरुवातीला आम्ही सगळं बराबर केलं. पट्टी सुटताना तो रुमाल दाताखाली धरायचा आणि मी त्याचं डोकं पोटाशी धरून प्रार्थना म्हणायचे. मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. देवाशी आमचं बोलणं म्हणजे घरातल्याच तिसऱ्या माणसाशी बोलणं. नवरा त्याच्याशी अदबीनं बोलायचा. माझं तोंड पहिल्यापासून तिखट, मी भांडायचेही.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. त्या कुणाच्या नात्यातल्या नाहीत, पण सगळ्या मंडळीच्या मावशी. शाळेत शिक्षिका होत्या, नवरा लवकर गेला, तेव्हापासून आजाऱ्यांच्या उशाशी बसणं हेच त्यांचं आयुष्य. रात्र नाही, दिवस नाही, कुणी बोलावलं की त्या निघाल्या. त्यांचं एक ठाम म्हणणं होतं: दुखणं तोंडानं कबूल करायचं नाही. ‘दुखतंय’ म्हटलं की दुखण्याला घरात पाट मांडून दिला. त्यापेक्षा ‘बरा झालो’ असं विश्वासानं आधीच म्हणायचं, मग देव ते खरं करतो.

त्या बुधवारी मावशींनी प्रार्थना केलेलं खोबरेल तेल नवऱ्याच्या कपाळाला लावलं, पट्टीवर हात ठेवला आणि त्या इतक्या कळवळून बोलल्या की सगळं घर रडलं. मी तर हुंदके देत होते. प्रार्थना संपली तरी नवरा डोळे मिटूनच बसलेला. मग हळूच म्हणाला, “मावशी, दुखून न्हाई राह्यलं.”

“काय म्हणलास?”

“पाय. बिलकुल न्हाई दुखत.”

घर नुसतं दणाणलं. हालेलुया काय, टाळ्या काय! माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी पोह्यांत मी मीठ घालायला विसरले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

देवानं काही चांगलं केलं की ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, अशी आमच्यात रीत आहे. याला साक्ष देणं म्हणतात. रविवारी नवऱ्यानं साक्ष दिली. चपला घालून, कुणाचा हात न धरता पुढं गेला आणि म्हणाला, “प्रभूनं मला बरं केलं. आता कसलं दुखणं न्हाई.” मी पहिल्या बाकावर ताठ बसले होते. एवढा अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता. बाहेर पडताना आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, नुकतेच बदलून आलेले तरुण गृहस्थ, मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, गोळ्या आणि पट्टी मात्र सोडू नका हं.” मी हो म्हटलं आणि मनातल्या मनात त्यांना अल्पविश्वासी ठरवून मोकळी झाले.

गोळ्या मीच बंद केल्या. हे मी कुणावर ढकलणार नाही. साक्ष दिल्यावर रोज सकाळी गोळी हातावर ठेवायची म्हणजे देवाला तोंडावर एक सांगायचं आणि मागून दुसरंच करायचं, असं मला वाटलं. नवराही म्हणाला, “बराबर हाय तुझं.” दवाखान्यात पट्टीला जाणं त्याच आठवड्यात सुटलं. मी घरीच जुनं धोतर फाडून सैलसर गुंडाळायचे आणि जखमेकडे नीट बघायचं टाळायचे.

साक्षीचा व्हिडिओ कुणीतरी मंडळीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला. एक दिवस अंकुशनगरहून एक जोडपं आलं, साखर कारखान्यावरचं. बाईला झटके येत होते. माझ्या नवऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जाताना तिनं वाकून त्याच्या पट्टीच्या पायाला हात लावला आणि तो हात डोळ्यांना लावला. तिच्या बोटांवर ओलं काहीतरी आलं होतं. तिनं ते पदराला पुसलं. मी ते बघितलं आणि चहाचे कप उचलायला लागले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत घरात वास यायला लागला. मला वाटलं, उंदीर मेला. मी पत्र्याची पेटी ओढली, धान्याचे डबे हलवले, शिलाई मशीनच्या मागे झाडलं. नवरा पलंगावर बायबल वाचत पडला होता. मी वाकून पलंगाखाली शिरले तर वास जास्तच आला.

“सापडला का गं उंदीर?” त्यानं वरून विचारलं.

“न्हाई सापडत,” मी म्हणाले. फिनेल टाकून दोनदा फरशी पुसली. वरून अगरबत्तीही लावली, जी आमच्या घरात कधी लागत नाही. मला कळलं नव्हतं, असं म्हणायला मी तयार नाही. पलंगाखालून बाहेर येताना त्याचं पाऊल माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. माणसाला जे कळून घ्यायचं नसतं ते नाकाला कळलं तरी मनापर्यंत पोचत नाही.

नवऱ्याला मधूनच थंडी वाजायची. त्याला मी हवाबदल म्हटलं. जेवण उतरत नव्हतं, त्याला मी उपास म्हटलं. अन् तो मात्र खुशीत होता, मिलमध्ये परत जायच्या गोष्टी करत होता. त्याची खुशी बघून मला भीती वाटायची आणि भीती वाटते म्हणून लाज वाटायची.

आमच्या समोरच्या घरात एक नर्सबाई राहतात, बौद्ध कुटुंबातल्या. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणतात. एका दुपारी त्या फॉल लावायला साडी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“ताई, काय सडून राह्यलंय घरात?”

“उंदीर मेलाय वाटतं कुठंतरी.”

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या पलंगाकडे बघत होत्या. साडी माझ्या हातात देऊन सरळ आत गेल्या आणि न विचारता पट्टी सोडायला लागल्या. पट्टीचा शेवटचा वेढा निघाला तसं मी तोंडाला पदर लावला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती. तो काळा रंग घोट्याकडे निघाला होता.

नर्सबाईंनी माझ्या मशीनवरची सुई घेतली आणि त्याच्या पावलात टोचली. मग थोडी वर. मग अजून वर. नवरा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“दादा, मी टोचलं.”

“कधी?” त्यानं विचारलं. मग हसला. “बघा सिस्टर, मी काय म्हणलो? न्हाई दुखत.”

“दुखत न्हाई तेच तर वाईट हाय, दादा! साखरेनं नसा मेल्यात. पाय मरून राह्यलाय तुमचा, त्याला दुखंल कसं? जल्दी उठा. आज, आत्ता.”

ज्या गोष्टीसाठी आम्ही टाळ्या वाजवल्या, ती हीच होती.

पण नवरा उठेना. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “मी साक्ष देल्ती. दोनशे माणसांसमोर देल्ती. आता दवाखान्यात जाऊन पाय दाखवू? देवाला खोटं पाडू?”

“अहो, तुम्हाला ताप हाय.”

“प्रार्थना कर.”

“केली! पोटभर केली!” मी ओरडलेच. नर्सबाई समोर होत्या, दार उघडं होतं, पण मला कशाची शुद्ध नव्हती. “देवाला खोटं पाडायची आपली ऐपत हाय का? खोटे पडू ते आपण पडू. पडू द्या. तुम्ही गेल्यावर तुमची साक्ष घेऊन मी एकटी काय करू? गोळ्या मी बंद केल्या, माझ्यामुळं झालंय हे. मला तुम्ही पाहिजेत, कसेही.”

त्यानं भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग त्यानं हात पुढे केला, उठवायला. हात तव्यासारखा तापला होता.

दवाखान्यातल्या सर्जननी फार वेळ घेतला नाही. विष रक्तात उतरायला लागलंय, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, उशीर केला तर माणूसही हाती लागणार नाही, असं सरळ सांगितलं. नवरा संमतीचा कागद हातात धरून बसून राहिला. म्हणाला, “तू म्हणशील तसं.” मी आधी सही केली, मग त्याच्या बोटात पेन दिलं. त्याला आत नेल्यावर मी बाकड्यावर बसून प्रार्थनेसाठी डोळे मिटले, तर नेहमीचे शब्दच येईनात. शेवटी एवढंच म्हणाले, आता चमत्कार नको, नुसता जगव.

तो जगला. मंडळीतली माणसं आळीपाळीनं डबे घेऊन आली. पाळकसाहेब रोज यायचे, गोळ्यांचं ‘मी सांगितलं होतं’ असं त्यांनी एकदाही काढलं नाही. मावशी मात्र फिरकल्या नाहीत. एकदाही नाही. मी त्यांच्यावर दात धरून होते. भेटल्या की काय काय ऐकवायचं, हे मी रोज भाकरी थापताना घोकत असे.

जखम सुकल्यावर एका रविवारी नवरा कुबड्या घेऊन देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आला. साक्षीची वेळ झाली तसा उठला. मी त्याचा शर्ट धरून खाली ओढला, पण तो ऐकेना. पुढं जाऊन म्हणाला, “मागच्या वेळेला मी इथं उभं राहून सांगितलं की दुखत न्हाई. ते खरं होतं. नसा मेल्या होत्या म्हणून दुखत नव्हतं. त्याला देवाचं नाव मी माझ्या पदरचं जोडलं. माझा विश्वास हाय, आजही हाय. पण कुणाला काही दुखत असंल, न्हाईतर काही सुजलं असंल, तर लपवू नका. देवाला सांगा अन् डॉक्टरलाही सांगा. एवढंच.”

कुणीतरी सवयीनं “हाले—” म्हणालं आणि थांबलं. नवरा घामाघूम होऊन माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याचा हात धरला आणि उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

बाहेर सगळे आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांना सलाम करत होते. देवळाच्या मागे नळाजवळ मी तोंडावर पाणी मारत होते, तेवढ्यात मावशी आल्या. वाळल्या होत्या, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होतं. मी घोकलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, माझा हात धरला आणि पदराखाली नेऊन आपल्या छातीवर दाबला.

काखेच्या जरा खाली, लिंबाएवढं, दगडासारखं टणक काहीतरी होतं. ते हलत नव्हतं.

“कधीपासून, मावशी?”

“दोन नाताळ झाले. बरी झाले म्हणून साक्ष देल्ती मी, आमच्या माहेरच्या मंडळीत.”

माझा हात त्यांनी सोडला नव्हता. मी विचारलं, “दुखतं का?”

“न्हाई गं बाई,” मावशी म्हणाल्या. “बिलकुल न्हाई दुखत.”