आठवं बटण

वायर असो, चहाचा ग्लास असो, नाहीतर कुणाच्या घराचं दार असो, मिस्त्री आधी उलटा हात लावायचे. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं, मग सुलट्या हातानं धरायचं. "करंट असला तर उलटा हात झटकून माघारी येतो. सुलटा चिकटून बसतो," असं सांगायचे.

मी पहिल्यांदा आमच्या युनियनचं पत्रक त्यांच्यापुढं धरलं, तेव्हाही तेच. बोटं उलटी टेकवली आणि म्हणाले, "करंट हाय का बघतो. न्हाय वाटतं." टपरीवरचे सगळे हसले. मला राग आला. मला तेव्हा लोकांच्या हसण्याचाही राग यायचा.

मिस्त्री सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका यंत्रमाग कारखान्यात वायरमन होते. मूळचे माढ्याकडचे. तरुणपणी नाटक कंपनीचे दिवे सांभाळत गावोगाव फिरलेले, त्यामुळे दिवा मंद करायचा डिमर त्यांच्या हातातला. आणि मालकाला नेमका तोच हवा होता. ज्याच्या शेडमध्ये चार मागांना मिळून एक ट्यूब, तीही फडफडणारी, त्या माणसानं बंगल्यासाठी मुंबईहून आठ बटणांचा डिमर मागवला! दिवाणखाना, देवघर, जेवणघर, जिना, पोर्च, बाग, पाहुण्यांची खोली. ही झाली सात. पलंगावरून उठायचं नाही, बटण फिरवायचं, घर उजळायचं नाहीतर मावळायचं.

आठवं बटण कशाचं, ते ऐका. परसात वॉचमनची खोली होती. त्याची बायको नरसम्मा दिवेलागणीला तिथं विड्या वळायला बसायची. मालकाचं म्हणणं, विड्या दुसऱ्या कारखान्याच्या आणि वीज माझी, हे कसं चालेल? वर मिस्त्रींना म्हणाला, "पूर्ण बंद नाही करायचा हो. आपण काय राक्षस आहोत? निम्मा करायचा. वीज वाचवा म्हणून सरकारच सांगतंय." बागेतल्या कारंज्याखाली लाल-हिरवे दिवे लावणारा हा माणूस!

महिनाभर मिस्त्री भिंती फोडत होते. प्रत्येक खोलीची वायर वेगळी ओढून मालकाच्या खोलीतल्या पेटीत आणायची होती. सगळ्या ट्यूब काढून पिवळे बल्ब लावायचे होते, कारण ट्यूबला हा डिमर चालत नाही. काम संपल्यावर टपरीवर मी त्यांना चारचौघांत गाठलं.

"काय मिस्त्री, मालकाच्या कारंज्याला उजेड आणि नरसम्माला अंधार? लाज कशी वाटत नाही?"

"करंट बोलतो का? गप काम करतो," मिस्त्री म्हणाले. कशावरही त्यांचं हेच उत्तर असायचं.

"करंट नसेल बोलत. माणसानं बोलावं. की मालकानं जीभही डिमरला जोडून घेतली?"

त्यांनी चहा संपवला. ग्लास ठेवला. म्हणाले, "चल. मालक पुण्याला गेलाय. दावतो तुला."

बंगल्यात त्यांनी आठवं बटण फिरवलं. पेटीवरचा छोटा लाल दिवा मंद झाला. मग मला शिडीनं माळ्यावर नेलं. जुन्या ट्रंकांच्या मागं एक बल्ब लोंबत होता, मिणमिणत.

"हा हाय आठवा," मिस्त्री म्हणाले.

"आणि नरसम्माचा?"

"तिची वायर सरळ मेनवर. सैपाकघराच्या खिडकीतून बघ जा."

पाहिलं. परसातली खोली लख्ख होती. मालकाची खिडकी रस्त्याच्या बाजूला. तो रोज सातला बटण फिरवायचा, लाल दिवा मंद झाला की समाधानानं झोपाळ्यावर बसायचा. आणि त्याच्या हुकमानं माळ्यावरच्या पालींचा उजेड निम्मा व्हायचा! मी पोट धरून हसलो. मिस्त्री हसले नाहीत. "कुणापाशी बोलू नकोस बरं का. बोललास की गेलं."

तीन दिवस मी दम धरला. चौथ्या दिवशी ही गोष्ट घालून नव्या पत्रकाची स्टेन्सिल कापली. आमची पत्रकं नुसत्या मागण्यांनी कोरडी पडली होती आणि माझ्या हातात एक खरा शूर माणूस आला होता. तो खिशात घालून गप्प बसू? मिस्त्रींचं नाव घातलं नाही, एवढी अक्कल मी दाखवली. पण आठ बटणांचा बंगला सोलापुरात दुसरा होता कुठं?

शेडांमध्ये ते पत्रक मोठ्यानं वाचलं गेलं. शिट्ट्या पडल्या. कुणी कुणी माग थांबवून टाळ्या वाजवल्या. दुपारी ते मालकाच्या टेबलावर होतं.

मिस्त्रींना त्याच दिवशी काढलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या मालकांचं या एका गोष्टीवर तासाभरात एकमत झालं. कुठल्याच शेडनं त्यांना घेतलं नाही. हरामखोरांची एकजूट आमच्यापेक्षा पक्की! नव्या वायरमननं माळ्यावरचा बल्ब काढला आणि आठवं बटण मालकाच्या मनासारखं जोडून दिलं.

मिस्त्री कुर्डुवाडीला निघाले तेव्हा मी स्टेशनवर गेलो. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं. तिथं मात्र नुसता हात पुढं केला. त्यांनी माझ्या तळव्याला बोटं उलटी टेकवली, क्षणभर थांबले. मग तोच हात खाली नेऊन पिशवी उचलली आणि डब्यात चढले.

परवा सातच्या सुमारास मी बंगल्याच्या मागच्या गल्लीतून गेलो. डोळ्यांदेखत खोलीतला बल्ब खाली खाली बसत गेला. नरसम्मा सूप घेऊन दाराशी सरकली. विडी डोळ्यांजवळ नेऊन दोरा गुंडाळताना म्हणाली, "आता विड्या लई बाद होतात भाऊ. कारखान्यातनं परत येतात."

मग तिनं सुपाखालून एक कागद काढला. तंबाखूचे डाग पडलेला, चार घड्या घातलेला.

"हे तुमचंच ना? मिस्त्रीचं चांगलं लिहिलंय म्हणतात सगळे. मला कुठं वाचता येतंय. वाचा की जरा."

मी घड्या उलगडल्या. अक्षर माझ्याच हाताचं, ठसठशीत. निम्म्या उजेडातही ओळ न् ओळ दिसत होती.

"उजेड कमी आहे, नरसम्मा," मी म्हणालो.