चेटकिणीला शक्ती कुठून मिळाली?

माझ्या मावशीवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, तिच्या स्वतःच्या दारासमोर. कुही तालुक्यातलं धानाचं गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लोक मारबत, म्हणजे रोगराई आणि इडापिडेचा पुतळा, गावाबाहेर जाळायला नेतात आणि वाटेनं ओरडत जातात: खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. त्या सकाळी मिरवणूक मावशीच्या दारात थांबली. कोणीतरी ओरडलं, "ह्या बुढीची करणी घेऊन जा गे मारबत." बाकीच्यांनी साथ दिली. आदल्या दिवशी शेजाऱ्याचा सजवलेला बैल तिच्या दारी आला, तेव्हा तिनं त्याला ओवाळलं आणि "लय देखना दिसते गा" म्हणाली. उजाडेपर्यंत बैल मेला होता. गुन्हा तो एवढाच.

मावशी विधवा, मूलबाळ नाही, घर गावाच्या टोकाला. दही विकायची. त्या दिवसापासून तिचं दही कोणी घेईना. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, आपसात मिटवा. याविरुद्ध कायदा आहे हे मीच त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला. मावशी एक पिशवी घेऊन आमच्याकडे नागपूरला आली. तिला एकच गोष्ट पाहिजे होती आणि आजही तीच पाहिजे: आपल्या घरात परत राहायला जाणं.

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिते आणि बाजाराच्या दिवशी वाटते. त्याच महिन्यात माझे दोन दोस्त पत्त्यांचा एक खेळ तयार करत होते. एक मित्र चित्रं काढायचा. एक मैत्रीण गोष्ट लिहायची. ती कुही तालुक्यातल्या शाळांमध्ये वाचनाचे तास घेते आणि खेळ पहिल्यांदा तिथंच खेळवायचा होता. मावशीच्या गावची शाळाही त्यात होती. काल्पनिक राज्य, त्यात जादू, जादूगार, राक्षस. जादूचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मित्र म्हणाला, "तू रोज जादू खोटी ठरवते. आता एक खरी करून दाखव."

काम सोपं वाटलं. जादू कुठून येते, तिची किंमत काय, तिला काय जमत नाही, कोणाकडे आहे हे लोकांना कसं कळतं. एवढी उत्तरं पक्की असली की दुनिया उभी राहते. मी त्यांनी आधी काढलेले पत्ते पाहायला घेतले. जादूगार पुरुष होते. त्यांना गुरुकुल होतं, परीक्षा होती, जादू केल्यावर थकवा यायचा. चेटकीण एकच. म्हातारी, विधवा, गावाच्या टोकाला झोपडी. शक्तीचा उगम: मत्सर. किंमत: रिकामी जागा. मर्यादा: रिकामी जागा.

मी विचारलं, "हिनं जादू शिकली कुठं?"

"शिकायचं काय त्यात? चेटकीण आहे ती," मित्र म्हणाला. "यार, फँटसी आहे. पत्रक नको करू त्याचं."

"पुरुषाला कॉलेज आणि बाईला नुसती वाईट नजर. हे कोणत्या दुनियेतून आणलं? हे तर आपल्याकडचंच आहे."

मावशी चहा घेऊन आली. तिनं चेटकिणीचा पत्ता उचलून खिडकीजवळ धरला. "घर तं माह्यासारखंच काढलं गा बाबू," ती मित्राला म्हणाली. "पन चूल काहून नाही काढली? खाते काय हे?"

मित्र हसला. मावशीनं विचारलं, "शेवटी काय करतेत इचं?"

"जाळतात," मैत्रीण म्हणाली. मग हळू आवाजात, "जाळलं की गुण मिळतात."

"आन हे आमच्या गावचे पोट्टे खेळतीन?"

मावशीनं पत्ता जागेवर ठेवला आणि कप धुवायला निघून गेली.

पुढच्या रविवारी मित्रानं पत्ता बदलून आणला. म्हातारी तीच, झोपडी तीच, पण आता ती चांगली. हात फिरवला की रोगी बरा. त्याला वाटलं, मिटलं. अशी चूक आमच्यासारखी भल्या मनाची माणसंच करतात.

मावशीनं तो पत्ताही पाहिला. "म्हंजे जादूवाली तं हायच ना मी? आज दारी रांग लागन. उद्या एखादा बरा नाही झाला तं? हे लोकं कुठी जातीन मंग, तुह्या घरी?"

मित्र कान खाजवत बसला. मी मात्र भडकले. त्याच्यावर नाही. आम्ही तिघंही शिकलेले, आणि आम्हाला दोनच प्रकार सुचले होते: दुष्ट बुढी आणि देवी बुढी. साधी बाई आमच्या डोक्यात आलीच नव्हती.

मग मी माझ्या पत्रकातले प्रश्नच नियम म्हणून लिहिले. कोणी पाहिलं? दुसऱ्या कशानं झालं नसेल कशावरून? आमच्या राज्यात वय, वैधव्य, जात, घराची जागा यांतून कोणालाच शक्ती मिळत नाही. जादू सुतारकामासारखी उघड शिकावी लागते आणि कोण शिकलंय हे सगळ्यांना माहीत असतं. कोणावर आळ घ्यायचा तर आधी बाकीची कारणं शोधायची. त्यासाठी मैत्रिणीनं नवे पत्ते केले: साप, साथीचा रोग, विषारी चारा, अतिखाणं.

खेळ मावशीच्या गावच्या शाळेत झाला. मी मागे बसले होते. आमच्या गोष्टीतही एक बैल मरतो. पोरांनी पत्ते उलटले आणि अतिखाण्याच्या पत्त्यावर थांबली. एक मुलगी म्हणाली, "आमच्या बैलाले पोळ्याले घरोघरी पुरनपोळ्या चारल्या. सगळ्याईनं. पोट फुगलं होतं त्याचं." ती त्याच शेजाऱ्याच्या घरची होती. दुसरा म्हणाला, "मंग सगळ्या गावानंच मारला ना बे." पोरं हसली. मास्तरांनी विषय बदलला.

त्यातून काही चमत्कार झाला नाही. शेजाऱ्यानं मैत्रिणीला निरोप पाठवला, शाळेत काहीबाही शिकवून राहिले म्हणून. पण मावशीच्या समोरच्या घरातल्या बाईनं फोन करून विचारलं, "दही कधी लावतं वं?" मावशी दोनदा जाऊन घर झाडून आली. मुक्काम अजून केलेला नाही. आळ घेणाऱ्यांपैकी एकानंही, आमचं चुकलं, असं म्हटलेलं नाही. ते म्हणेपर्यंत ती तिथं एकटी झोपणार नाही आणि मीही तिला झोपू देणार नाही.

तुमच्यापैकी खूप जण गोष्टी लिहितात, खेळ करतात, पोरांना झोपवताना दुनिया रचतात. तुमच्या चेटकिणीचं पान आत्ता उघडा. तिला शक्ती कुठून मिळाली ते वाचा. उत्तर 'एकटी राहते म्हणून' किंवा 'म्हातारी आहे म्हणून' असं असेल, तर ते पान फाडा आणि नव्यानं लिहा.