कोंबड्याच्या मानेचे पंख

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो. पण टाइम लिहायला फौजेने शिकवलं, म्हणून टाइम पक्के सांगतो. कोणाला खोटं वाटलं तर वाटो.

पोस्ट हिमाचलच्या वरच्या अंगाला, एका नाल्याच्या काठी. आम्ही अकरा जण. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात, ०६०० ला चहा, ०७०० ला पेट्रोल, म्हणजे गस्त. नाला ओलांडायचा कायदा एकच. जोडीतला एक जण कमरेला दोर बांधून पाण्यात उतरेल, दुसरा काठावर बसून, दगडाला पाय रोवून दोर धरेल. माझी जोडी लान्स नायक केसरसिंगशी. तो तिकडच्याच पहाडातला. अकरा महिने त्याचा दोर मी धरला.

मग आमचे हवालदार साहेब तापाने पडले. त्याच आठवड्यात केसरसिंग लंगरवाल्याला, आमच्या आचाऱ्याला, म्हणाला, "मुर्गी का नहीं, मुर्गे का पंख चाहिए. काले का. गर्दन वाला."

तिथून माझी नजर त्याच्यावर. दुपारी तो आमच्याकडे पाठ करून बसे. पकडीत तारेचा बारीकसा आकडा धरायचा. रेशमी दोऱ्याला मेण लावायचा. आकड्याभोवती पंख गोल गुंडाळायचा, आणि शेवटच्या गाठीवर बायांची लाल नेलपॉलिश! मग डबा बंद, उशाखाली.

आंधळगावचा नामदेव आमच्याच सेक्शनला होता. त्याला दाखवलं.

"काय करून राहिला बे हा?"

"काळा कोंबडा, दोरा, मेण. आणि तिकडे साहेबाचा ताप उतरत नाही. तूच पाह्य."

"करणी?"

"मी नाही म्हटलं. तू म्हटलं."

केसरसिंगलाच विचारलं. तो हसला. "पहले पानी पर टिक जाए, फिर बताऊँगा." हसला म्हणून मले जास्तच खटकलं.

मी हवालदार साहेबांपुढे उभा राहिलो. "साहब, मेरी जोड़ी बदल दीजिए."

"वजह?"

"वजह नहीं है, साहब."

करणीचं नाव घेतलं असतं तर सारी पोस्ट हसली असती. ते मले मंजूर नव्हतं. साहेबांनी पेट्रोलची यादी ओढली. मग जोडी बदलली.

दुसऱ्या दिवशी ०७४० ला पेट्रोल नाला ओलांडायच्या जागी पोचलं. केसरसिंगचा दोर सिग्नलच्या, म्हणजे वायरलेसच्या माणसाने धरला. त्याने तो नाला कधी ओलांडला नव्हता. तो बसला नाही, उभाच राहिला. मी साठ पावलं मागे होतो. मले ते दिसलं. ओरडायच्या आत केसरसिंगच्या पायाखालचा दगड फिरला. दोराला झटका बसला, सिग्नलवाला तोंडावर पडला, दोर सुटला.

वायरलेसवर मीच बोललो. "एक जवान पानी में. ओवर."

"नाम बोलो. ओवर."

नाव घ्यायला मले वेळ लागला.

११२० ला तो खालच्या वळणावर सापडला.

त्याच्या सामानाची यादी करताना डबा उघडला. आत गळावर बांधलेल्या पंखांच्या सात माश्या. हवालदार साहेबांनी अंगात ताप असताना एक उचलली आणि पाण्याच्या मगात टाकली. बुडाली नाही. पंखाच्या टोकांवर उभी राहिली. कोंबडीचा पंख मऊ, पाणी पितो. कोंबड्याच्या मानेचा कडक, तो तरंगतो. ट्राउट मासा खरी माशी समजून वर येतो आणि गळाला लागतो.

साहेब म्हणाले, "मुँह का स्वाद चला गया था. मछली मैंने ही माँगी थी उससे."

माशी डब्यात परत ठेवून म्हणाले, "मैंने वजह पूछी थी तुझसे."

फौज सुटली, आता मी गावी, करडीत असतो. माश्या बांधतो. वाकड्या होतात, पण बुडत नाहीत. एखादी बुडालीच तर उसवून परत बांधतो. गल्लीतली एक बाई परवा दारातूनच म्हणाली, "काळ्या कोंबड्याची मान कायले लागते जी तुमाले?" तिची नजर मी ओळखली. माझीच होती ती.

मी रागावलो नाही. तांब्यात पाणी घेतलं, माशी सोडली, तिला वजह सांगितली. मग नाव सांगितलं. लान्स नायक केसरसिंग. अकरा महिने त्याचा दोर मी धरला.