सी. ए. पाटील सरांचा सुईचा संगणक

चुडामण अभिमन पाटील भडगावच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवत. इंग्रजीत नावाची आद्याक्षरं सी. ए. होती, म्हणून स्टाफरूमपासून रसवंतीपर्यंत सगळे त्यांना सी. ए. पाटील म्हणायचे. या दोन अक्षरांपायी सरांना फार सोसावं लागलं. तालुक्यात नवा आलेला एखादा व्यापारी आयकराची फाईल काखेत मारून घरी यायचा आणि सरांना त्याला चहा पाजून सांगावं लागायचं, की मी तो सी. ए. नव्हे, माझ्या वडिलांचं नाव अभिमन आहे. पाहुणा चहा पिऊन, सर लपवतायत अशी खात्री करून, निघून जायचा.

एकोणीस वर्षं ते कार्यालय व्यवस्थापन शिकवत होते. आवक रजिस्टर, जावक रजिस्टर, फाईल उभी ठेवावी की आडवी. विषय त्यांच्या स्वभावासारखाच होता, कुणाला त्रास न देणारा.

ब्याण्णव सालच्या जूनमध्ये विद्यापीठानं टी. वाय. बी. कॉम.ला एक नवा पेपर लावला. नाव होतं, ‘संगणक आणि माहिती व्यवस्था’. तो कुणी शिकवायचा हे ठरवायला प्राचार्य वाघ सरांनी बैठक बोलावली. सी. ए. पाटील त्या दिवशी पिंपळनेरला साडूच्या मुलीच्या लग्नात वाढपी म्हणून उभे होते. दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात आले, तर वेळापत्रकात नव्या पेपरसमोर त्यांचं नाव.

“सर, मी तर हजरच नव्हतो,” ते प्राचार्यांना म्हणाले.

“तेच तर,” वाघ सर शांतपणे म्हणाले. “जे हजर होते त्यांनी विरोध केला. तुमचा काही विरोध आला नाही.”

मग सरांना जळगावला बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं गेलं. प्राध्यापक चौदा होते, संगणक एक. बारा दिवसांत सरांच्या वाट्याला तो एकूण पंचवीस मिनिटं आला. शिकवणारी मुलगी त्यांच्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. सर एकेक अक्षर शोधून दाबायचे आणि काळ्या पडद्यावर दर वेळी तेच उमटायचं, ‘बॅड कमांड’. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला पंचवीस मिनिटांत अकरा वेळा चूक ठरवलं गेलं. शेवटच्या वेळी तर सर पडद्याला हळूच “सॉरी” म्हणाले. शेजारच्या चोपड्याच्या प्राध्यापकांनी ते ऐकलं आणि त्यांना पाणी आणून दिलं.

कॉलेजात संगणक नव्हता. सरांनी पहिल्या तासाला व्याख्या लिहून दिली. चाळीस मुलांनी ती निमूट उतरवून घेतली. मागच्या बाकावरचा पुना अहिरे उभा राहिला.

“सर, तुम्ही पाह्यलाय का संगणक?”

“पाहिलाय.”

“हात लावलाय?”

“पंचवीस मिनिटं,” सर म्हणाले. वर्गात आदराची शांतता पसरली.

पण ऑगस्ट उजाडेपर्यंत त्या आदराची धार बोथट झाली. आधी माहितीचा कच्चा माल, मग प्रक्रिया, मग निष्कर्ष, असं सर फळ्यावर तीन चौकोन काढून सांगायचे आणि मुलं तीन चौकोन वहीत काढायची. पहिल्या बाकावरच्या कमल सोनवणेनं एकदा विचारलं, “सर, नोंद आणि माहिती यांत फरक काय?” सरांनी पुस्तकातलं वाक्य सांगितलं. कमलनं मान डोलावली, पण तिला समजलं नाही हे सरांना कळलं. स्वतःलाही ते समजलेलं नाही, हेही त्याच वेळी कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई स्वेटर विणत होत्या. त्यांना वाटलं, पोट बिघडलं.

उत्तर सापडलं ते गल्लीत. त्यांच्या घरामागे झुंबरबाई राहायच्या. साठीच्या, दुसरी शिकलेल्या, आणि भडगावपासून पार पिंपळनेरपर्यंत लग्नं जमवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका संध्याकाळी पाचोऱ्याचे एक गृहस्थ पुतणीसाठी स्थळ विचारायला त्यांच्या ओट्यावर आले. सर तिथेच पेपर वाचत होते. झुंबरबाईंनी तीन प्रश्न विचारले. कूळ कोणतं, पोरगी किती शिकली, नोकरीवालाच पाहिजे का. मग डोळे मिटून थोडा वेळ सुपारी चघळली आणि तीन गावांची तीन नावं सांगितली.

सरांच्या हातातला पेपर खाली आला. प्रश्न आत गेला होता, आत काहीतरी चाललं होतं आणि उत्तर बाहेर आलं होतं. फळ्यावरचे तिन्ही चौकोन ओट्यावर बसून सुपारी चघळत होते.

“अक्का,” ते म्हणाले, “किती घरांची माहिती असेल तुमच्याकडे?”

“कोण मोजस भाऊ? हाई बठ्ठं मना डोकामां शे.” झुंबरबाईंनी कपाळावर बोट टेकवलं.

“ती कागदावर उतरवून घेऊ का? पोरांना शिकवायला पाहिजे.”

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “कोणी कोणले नही म्हनं, हाईबी लिखनं शे का?”

“नको. तेवढं राहू द्या.”

“मग लिखा,” त्या म्हणाल्या.

कॉलेजच्या वाचनालयात कार्यालय व्यवस्थापनावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, ते सरांखेरीज कुणी कधी उघडलेलं नव्हतं. त्यात संगणकाच्या आधीच्या काळातली एक युक्ती चित्रासह दिली होती. प्रत्येक नोंदीचं एक कार्ड करायचं. कार्डाच्या कडेला ओळीनं भोकं पाडायची. प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर हो असेल तर ते भोक कात्रीनं कडेपर्यंत उघडं करायचं, नसेल तर तसंच ठेवायचं. मग सगळ्या कार्डांची चवड करून हव्या त्या भोकातून सुई घालायची आणि वर उचलायची. नाही म्हणणारी कार्डं सुईला लटकून राहतात, हो म्हणणारी खाली पडतात.

जाड कागद विकत कुठून आणणार? पण खानदेशात एका वस्तूला तोटा नव्हता. प्रत्येक घरात माळ्यावर जुन्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे होते, गणपती पुढे आणि मागची बाजू कोरी. मुलांनी आठवडाभरात सहाशे पत्रिका जमवल्या. भोकं पाडायला ऑफिसचं पंचिंग मशीन मिळालं. उरली सुई. ती सरांनी मंजुळाबाईंच्या विणकामातून उपसून घेतली. स्वेटर तेव्हा काखेपर्यंत आला होता. एकशे चाळीस टाके एकदम सुटले आणि मंजुळाबाई दोन दिवस फक्त भांड्यांशी बोलल्या.

सहा रविवार चाळीस मुलं झुंबरबाईंच्या ओट्यावर जात राहिली. त्या सांगायच्या, मुलं लिहायची. शेती बागायती, हो. पदवीधर, नाही. नोकरी, हो. दुसऱ्या रविवारपासून एक गोष्ट सरांच्या ध्यानात आली. मुलं इस्त्रीचे शर्ट घालून, भांग काढून यायला लागली होती. पुना अहिरे तर मुद्दाम पुढे बसून “अक्का, पाणी आणू का?” विचारायचा. कारण साधं होतं. झुंबरबाई लिहवून घेता घेता मुलांकडेही बघत होत्या.

लग्नाच्या मुला-मुलींची मिळून तीनशे बारा कार्डं झाली. वर्गात पहिल्यांदा सुई फिरली त्या दिवशी बागायतदार पदवीधर अकरा निघाले. बाकावर कार्डांचा सडा पडला आणि कमल सोनवणे उभी राहिली.

“सर, कार्डावरची एकेक गोष्ट म्हणजे नोंद. आणि आपल्या प्रश्नाला हे जे अकरा पडले, ती माहिती. बरोबर?”

सरांनी खडू खाली ठेवला. “बरोबर,” ते म्हणाले, आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

डिसेंबरात एका माजी विद्यार्थ्यानं कॉलेजला खरा संगणक भेट दिला. तो प्राचार्यांच्या खोलीत ठेवला गेला. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं, त्यातलं थोडं फ्लॉपीच्या फटीतही गेलं. आत जाताना चपला काढायचा नियम झाला आणि किल्ली वाघ सरांच्या जानव्याला बांधली गेली. मार्चपर्यंत तो तीनदा सुरू झाला, तीनही वेळा पाहुण्यांना दाखवायला.

एप्रिलात प्रात्यक्षिक परीक्षा आली. धुळ्याहून बाहेरचे परीक्षक आले, प्रा. लीलाधर बोरसे. त्यांची ख्याती अशी, की गेल्या वर्षी एका कॉलेजात त्यांनी शिक्षकालाच तोंडी प्रश्न विचारले होते. ते आले, चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि वीज गेली.

अर्धा तास सगळे पंख्याकडे बघत बसले.

“आता काय करायचं?” बोरसे सरांनी घड्याळ बघत विचारलं. “परीक्षा झाली नाही असा शेरा द्यावा लागेल.”

चाळीस मुलांचं वर्ष जाणार, हे सी. ए. पाटलांना लख्ख दिसलं. एरवी त्यांनी मान खाली घातली असती. या वेळी ते म्हणाले, “सर, आमचा एक संगणक विजेशिवाय चालतो. बाहेर कडुनिंबाखाली.”

बोरसे सर आले ते कपाळाला आठ्या घालून. मुलांनी सतरंजी अंथरली, कार्डं मांडली. प्रत्येकानं एक प्रश्न घ्यायचा, कोणती भोकं कोणत्या क्रमानं घ्यायची ते आधी लिहायचं, मग सुई चालवून दाखवायची. पहिल्या मुलाला त्यांनी खोचक प्रश्न विचारले. तिसऱ्याला विचारताना ते खाली बसले. सातव्याच्या वेळी सुई त्यांच्याच हातात होती. पुना अहिरेला त्यांनी विचारलं, एखादी नोंद चुकीची असेल तर काय होईल? पुना म्हणाला, “सर, वऱ्हाड चुकीच्या गावी जाईल.” बोरसे सरांनी ते उत्तर आपल्या वहीत लिहून घेतलं.

चाळिसावी परीक्षा संपली. बोरसे सर घुटमळले. मग सी. ए. पाटलांना बाजूला घेऊन म्हणाले, “माझी थोरली एम. ए. झालीय. जरा सुई फिरवून बघता का?”

हा माणूस सरांच्या पोरांना गुण देणार होता.

“सर, फिरवतो. पण आधी गुणपत्रिकेवर सही करून पाकीट बंद करा. मग मोकळेपणानं बोलू.”

बोरसे सर क्षणभर लालबुंद झाले. मग त्यांनी तिथेच सतरंजीवर बसून गुण लिहिले, पाकिटाला लाख लावायला मेणबत्ती मागवली आणि शिक्का मारून ते वाघ सरांच्या हाती दिलं. “आता फिरवा,” ते म्हणाले.

पदवीधर, नोकरी, वेगळं कूळ. तीन वेळा सुई गेली आणि तीन पत्रिका सतरंजीवर पडल्या. पडताळणीसाठी झुंबरबाईंना मुलांनी सतरंजी अंथरतानाच घरून आणून खुर्चीवर बसवलं होतं. कमलनं पहिलं नाव वाचलं.

“हाऊ पोऱ्याले एका कानमां आइकाले येत नही,” झुंबरबाई म्हणाल्या.

दुसरं नाव. “हाऊना साखरपुडा व्हई गया. मांगला बुधवारे, पिंपळनेरले.”

मुलांनी घाईघाईनं त्या कार्डावर काट मारली. तिसरं नाव पारोळ्याच्या एका शिक्षकाचं होतं. झुंबरबाईंनी सुपारी गालात सरकवली.

“पोऱ्या सोनासारखा शे. पन माय भलती कडक शे.”

बोरसे सरांनी सुस्कारा सोडला. “आमची पोरगी काय कमी आहे?” ते म्हणाले. “जमेल.”

आणि जमलं. मे महिन्यात धुळ्याला लग्न झालं. झुंबरबाईंना नऊवारी मिळाली, सी. ए. पाटलांना सुती उपरणं. सासू-सुनेचं पहिलं वर्ष चांगलंच गाजलं म्हणतात, पण पुढे दोघी मिळून पारोळ्यात महिला मंडळ चालवायला लागल्या आणि मग बाकीच्यांचं काही चाललं नाही. पाकीट विद्यापीठात उघडलं तेव्हा चाळीसच्या चाळीस मुलं पास होती. पुनाला वीसपैकी एकोणीस होते.

दोन वर्षांनी कॉलेजात चार संगणक आले, या वेळी वेगळ्या खोलीत आणि किल्ली शिपायाकडे. सरांची बोटं आता बरीच सुधारली होती. ‘बॅड कमांड’ दिसलं तर ते शांतपणे चूक शोधायचे. त्यांनी ठरवलं, की सगळी कार्डं यंत्रात भरायची. ते परवानगी मागायला झुंबरबाईंकडे गेले.

झुंबरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मशीनमां टाकशात, ते कोण वाची?”

“जो कुणी सुरू करेल तो.”

“मंग पोरीसना नावं मी देवाव नही,” त्या म्हणाल्या. “मले जो इचारस, त्याले मी आधी बशाडीसन दखस. तुमनं मशीन दखस का?”

विचारणाऱ्याला समोर बसवून आधी पारखणं यंत्राला येत नव्हतं. प्रशिक्षणाच्या बारा दिवसांत हा प्रश्न कुणी काढला नव्हता, पुस्तकातही तो नव्हता. मुलींची कार्डं त्यांनी झुंबरबाईंना परत नेऊन दिली आणि यंत्रात फक्त मुलांची भरली. त्याला मुलांनी हरकत घेतली नाही, उलट आपली नोंद नीट भरली गेली का ते बघायला खोलीबाहेर रांग लागली.

त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेत सरांनी दहा गुणांचा एक प्रश्न घातला, नोंदींतली माहिती कुणी पाहावी आणि कुणी पाहू नये, हे कोण ठरवतं? वर्गातल्या सदतीस मुलांपैकी बावीस जणांनी उत्तरात झुंबरबाईंचं नाव लिहिलं. सरांनी लाल पेननं त्या प्रत्येकाला सहा गुण दिले आणि समासात शेरा लिहिला, ‘उत्तर योग्य. कारणे दिलेली नाहीत.’