खिडकीतला आकडा

हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीनं बजावलंय. पण काय करू, पोटात राहीना! तुम्ही मात्र गप्प बसा.

आई-अण्णा ऊसतोडीला गेलेले, मी मावशीकडं. "अजून वीस दिवस, बाळा," आई फोनवर म्हणाली. तेव्हाच शाळेत सर मायक्रोकंट्रोलर शिकवत होते. बोटभर बोर्ड, दोन बटणं, काडेपेटीएवढा पडदा. एका बटणानं आकडा वाढतो, दुसऱ्यानं कमी होतो. मी वीस भरले. रोज एकदा दाबायचं, की आई तेवढी जवळ! पडद्यावर ‘आई’ लिहायची मात्र लाज वाटली. ठेवला नुसता आकडा.

घरी वीज कुठं टिकते? मावशी सोसायटीच्या दूध केंद्रावर कामाला, तिथं इन्व्हर्टर. मशीन ठेवलं तिथल्या खिडकीत.

दूध घालायला आलेल्या तात्यांनी विचारलं, "हे काय हाय गं? पाण्याच्या टँकरचे दिवस का?"

एवढ्या लोकांत ‘आईचे’ कसं म्हणू? मी मान डोलावली!

झालं! जो तो आधी खिडकीत बघणार. "सोळा राह्यले!" "सरकारी मशीन हाय, चुकत न्हाई!"

अहो, माझं मशीन सरकारी झालं!

आता बटणाची एक खोड असते. आपण एकदाच दाबतो, पण आतली पट्टी थरथरते आणि बोर्डाला वाटतं, पुन्हापुन्हा दाबलं. म्हणून प्रोग्राममध्ये ‘जरा थांब’ अशी ओळ लागते. ती मी लिहिलीच नव्हती. बटण नवं होतं तोवर निभावलं. मग धूळ बसली. एका सकाळी दाबलं, तर आकडा घरंगळत थेट शून्यावर!

मी वाढवायचं बटण शोधेपर्यंत तात्यांची आरोळी गावभर, "टँकर आजच हाय!"

अर्धं गाव घागरी घेऊन फाट्यावर. आणि मी? आकडा खोटा, हे फक्त मला ठाऊक. तरी दोन वेण्या घालून, धुतलेला ड्रेस घालून सगळ्यांच्या पुढं उभी!

"कावून गं रिकाम्या हातानं?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

तेवढ्यात लांब धुरळा उठला. बाया धावल्या. मी त्यांच्याही पुढं, "आई! आई!" ओरडत. धुरळ्यातून निघाल्या शेळ्या.

काकू घागरीवर वाकून हसल्या. "अगं येडे, लई टंचाई हाय, पण म्हून टँकरला आई म्हणती का?"

मी म्हणणार होते, काकू, मला पाणी नको हो, मला तर...

"सुमेऽऽ! दूध उतू चाललंय, कुठं मेलीस?"

आले गं मावशी! तर मी काय म्हणत होते, मला तर नुसती