आईचं शुद्ध मराठी

माझ्याकडे आईच्या आवाजाची एक कॅसेट आहे आणि ती ऐकायची मला भीती वाटते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी आणि माणसांच्या बोलण्याच्या तऱ्हा शिकवणाऱ्या बाईला तो परवडणाराही नाही. पण त्या कॅसेटमध्ये जी बाई बोलते तिला मी ओळखत नाही, आणि ती माझ्या आईच्या आवाजात बोलते. भूत याहून वेगळं काय असतं ते मला कुणीतरी सांगावं.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात मी नोकरीला लागले तेव्हा शहराला इंग्रजीचं वेड लागलं होतं. जिथे पाहावं तिथे फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या. माझ्या वर्गात पेठ-सुरगाण्याची, सटाणा-मालेगावकडची, पिंपळगावच्या द्राक्षबागांमधली मुलं असत आणि ती तोंडच उघडत नसत. इंग्रजीचं सोडा, मराठीतही नाही, कारण शहरातल्या मुली त्यांच्या मराठीला हसत. एकदा कुणाच्या तरी ‘लय’वर मागच्या बाकावरून फिसकन हसू आलं, तर मी अख्खा वर्ग उभा करून झापला. पुढे कॉलेजभर बोलबाला झाला की मॅडम तत्त्वाच्या फार पक्क्या. तत्त्वाचा काही संबंध नव्हता. मला ते हसू ओळखीचं होतं, एवढंच.

मी बागलाणातली. सटाण्याजवळचं लहानसं गाव, घरात अहिराणी. आमच्याकडे ‘आहे’च्या जागी ‘शे’. पाचवीला मला नाशिकला मावशीकडे ठेवलं. शाळेत बाईंनी विचारलं, तुझं गाव कुठे आहे, आणि मी उभी राहून ठणठणीत सांगितलं, “सटाणाजोडे शे!” वर्ग इतका हसला की बाईंनाही हसू आवरेना. त्यानंतर माझ्या तोंडून ‘शे’ गेलं ते गेलंच. दिवाळीला घरी गेल्यावर आईच्या मांडीत तोंड खुपसून हे सगळं रडत सांगितल्याचं आठवतं. ती काय म्हणाली ते मात्र आठवत नाही.

नोकरी लागल्यावर पीएच.डी.ची पाळी आली, आणि मी विषय घेतला तो हाच: अहिराणी घरातली माणसं शहराकडे सरकताना त्यांचं बोलणं कसकसं बदलतं. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून मी मनमाडपासून सटाण्यापर्यंत एसटीने हिंडले. या कामातली सगळ्यात मोठी कटकट म्हणजे ते रेकॉर्डिंगचं लाल बटण. ओट्यावर बसून चांगला रंगात आलेला माणूस बटण दाबलं की एकदम तहसीलदारासमोर उभा राहिल्यासारखा बोलायला लागतो. ‘मी’चं ‘आम्ही’ होतं, शिव्या गायब होतात, ‘सदर’ आणि ‘अतिशय’ सुरू होतं.

त्यावर आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. माणसाला विचारायचं, मरता मरता वाचलात असं कधी झालं का हो? मरणाची गोष्ट सांगताना माणूस मशीन विसरतो आणि त्याची स्वतःची भाषा वर येते. मनमाडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दोन डब्यांच्या मध्ये कसे सापडले होते ते सांगत होते. सांगता सांगता त्यांच्या अंगावर काटा आला आणि त्यांची अहिराणी भळाभळा वाहू लागली. मी मान हलवत होते, हळहळत होते आणि मनातल्या मनात खूश होते. हा धंदाच थोडा तसला आहे.

साहजिकच मी आईलाही बसवलं. गावातल्या घराच्या ओट्यावर, दिवाळीच्या सुट्टीत. ती आत जाऊन लुगडं बदलून आली, जणू फोटोच काढायचा आहे. हात मांडीवर ठेवून ताठ बसली. मी ठरलेला प्रश्न विचारला. तिची मोसम नदीच्या पुराची गोष्ट मला तोंडपाठ होती. ती सांगताना आई नदीला शिव्या द्यायची, वडिलांची नक्कल करायची, फुटलेल्या बांगड्यांचं दुःख पुन्हा एकदा करायची, आणि ऐकणाऱ्या बायका हसून हसून डोळे पुसायच्या. कॅसेटवर ती म्हणते, “त्या दिवशी नदीला फार मोठा पूर आलेला होता. पाण्याचा वेग अतिशय जास्त होता. माझा पाय घसरला आणि मी वाहून जाऊ लागले. तेव्हा तुझ्या वडिलांनी माझा हात पकडला.” मग शांतता. मग ती विचारते, “एवढे पुरेसे आहे का?”

चौथी शिकलेली बाई आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलत होती. मी चिडले. दोन-तीनदा प्रयत्न केला, ती हलली नाही. शेवटी ती कॅसेट माझ्या कामातून बाद केली. यंत्रासमोर सहज बोलू शकत नाहीत, असा शेरा मारून बाजूला ठेवली. पीएच.डी. झाली, कॉलेजात पेढे वाटले, आईने गावात वाटले.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आई गेली. सुरुवातीला ती मला सगळीकडे ऐकू यायची. नाशिकच्या सीबीएस स्टँडवर मालेगावच्या गाडीपाशी कुणीतरी बाई आपल्या मुलीला ओरडली, “ये व माय, लवकर ये!” आणि मी इतक्या झटक्यात वळले की खांद्यावरची पर्स खाली पडली. ओळखीची एक बाई बाजूने जात होती, तिने विचारलं, काय झालं मॅडम. मी म्हटलं, चक्कर आली. अशा चकरा मला खूप यायच्या आणि खरं सांगायचं तर मी त्यांची वाट पाहायचे.

मग त्या कमी झाल्या. आणि एक दिवस दूध तापवताना मला आई आठवली, रागावलेली, दुधाकडे लक्ष नाही म्हणून ओरडणारी, आणि ती ओरडली, “तुझे लक्ष कुठे आहे?” मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले. असं ती कधीच ओरडायची नाही. मी जुनं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. शब्द सापडत होते, ते तर माझ्या प्रबंधात पानोपानी होते. आवाज येत नव्हता. जो आवाज येत होता तो कॅसेटमधल्या बाईचा होता. त्यानंतर आईची कुठलीही आठवण काढली की ती बाई यायची. लग्नात मला निरोप देणारी तीच, दवाखान्यात शेवटचं पाणी मागणारीही तीच. पाण्याचा वेग अतिशय जास्त होता.

त्याच सुमारास कॉलेजात नवी भाषा-प्रयोगशाळा झाली होती. प्रत्येक मुलाच्या कानावर हेडफोन. खोलीत अगदी शांतता, आणि पन्नासेक पोरांचे ओठ हलताहेत. प्रत्येकाच्या कानात कुणीतरी बोलतंय आणि ते दुसऱ्याला ऐकू येत नाही. माझ्याच्याने त्या खोलीत बसवेना. पाठदुखीचं कारण सांगून मी ते तास दुसऱ्यांच्या गळ्यात घातले. आई गेली ते एकदा होऊन गेलं होतं, सगळ्यांच्याच आया जातात. पण आता तिचा आवाज जात होता, आणि जाताना जागा रिकामीही ठेवत नव्हता. तो आवाज परत मिळाला नाही तर मला वेड लागेल, असं मला खरोखर वाटायला लागलं होतं.

वर्षश्राद्धाला सटाण्याला थोरल्या बहिणीकडे गेले तेव्हा कॅसेट बरोबर घेतली. मनात वेडी आशा होती की घरातल्या माणसांसमोर लावली तर त्या बाईचा जोर कमी होईल. माझी ताई सातवीनंतर शाळेत गेली नाही, सटाण्यात दिली, घरी कांद्याची शेती. जेवणं झाल्यावर दुपारी सगळे बसलो आणि मी टेप लावला. भाचे एकदम खूश. “आजी काय भारी बोलतेय! टीव्हीवरच्यासारखी!” ताई पदर डोळ्यांना लावून मुसमुसत होती.

मुलं उठून गेल्यावर मी तिला म्हटलं, “ताई, रडू नकोस. ही काही आपली आई नाही. मशीनला बिचकून ती अशी बोललीये.”

“मशीनला?” ताईने पदर खाली घेतला. “आई कधी कुणाला बिचकली गं? भर बाजारात व्यापाऱ्याच्या सात पिढ्या काढणारी बाई ती.”

“मग अशी का बोलते?”

“तुझ्याशी ती अशीच बोलायची.”

मला हसूच आलं. म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस, तिची अहिराणी मला लख्ख आठवते.

“तुला आठवतं ते ती आमच्याशी बोललेलं,” ताई म्हणाली. “तू तिथे बसलेली असायचीस, एवढंच. तू नाशिकहून रडत आली होतीस ना, त्या दिवाळीला तिने आम्हा सगळ्यांना चुलीपाशी बोलावून सांगितलं, की या पोरीशी आता घरात आपलं, म्हणजे अहिराणी, कुणी बोलायचं नाही. हिला शिकायचंय, हिची जीभ बिघडवू नका. वडिलांनासुद्धा ताकीद. तू सुट्टीला येणार असलीस की आधी स्वतःशी म्हणून बघायची ती. ‘प्रवास कसा झाला? तुला भूक लागली आहे का?’ भाकरी थापता थापता. मी हसले की पाठीत धपाटा.”

समोरचा ऐकणारा बदलला की माणूस भाषा बदलतो, हे मी दर वर्षी शिकवत आले होते. फळ्यावर बाण काढून, उदाहरणं देऊन, मुलांकडून लिहून घेऊन. भाजीवाला, वकील, सासू, सगळी उदाहरणं माझ्याकडे होती. त्या दिवशी ओट्यावर मशीन होतं आणि मी होते, आणि मी सगळा दोष मशीनला देऊन टाकला होता.

मला आईचा भयंकर राग आला. गेलेल्या माणसाचा येऊ नये एवढा. माझ्या हक्काचं जे होतं ते तिने मला न विचारता बंद केलं होतं, आणि त्यासाठी इतकी मेहनत घेतली होती की मला पत्ताही लागला नाही. आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते जास्त वाईट होतं. ज्या बाईला मी घरातून हाकलायला निघाले होते, तीच माझी आई होती. ती दुसरी, नदीला शिव्या देणारी, हसवणारी, ती ताईची आई. पाचवीनंतर माझ्या वाट्याला ती आलीच नव्हती, मी तिला फक्त कोपऱ्यात बसून ऐकलं होतं.

“ताई,” मी म्हटलं, “तू तरी माझ्याशी आपलं बोल.”

“बोलतेच आहे की.”

“हे? हे आपलं आहे?”

मग तिच्या लक्षात आलं आणि ती लाजून हसायला लागली, तोंडावर हात ठेवून. “अगं बाई! हो गं. आईने लावलेली सवय.” तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. “आत्ता नाही जमत. उद्यापासून बोलेन. तुझी शपथ.” माझा हात तिने हातात घेऊन दाबला. मी लहान पोरीसारखी त्या उद्याची वाट पाहत झोपले.

सकाळी जाग आली ती आईच्या आवाजाने. मागच्या अंगणातून येत होता, थेट तोच, कपाळाला आठी पडलेला आणि आतून मऊ.

“कसाले रडस व माय? कोनी मारं तुले? ये, आठे बठ मन्हाजोडे. भाकर खाई ले.”

ताईची नात रडत होती आणि ताई तिला समजावत होती. मी अंथरुणात पडून ऐकत राहिले. पोर हुंदके देत काहीतरी सांगत होती आणि तो आवाज तिला हुंकार देत होता, लटकं रागवत होता, कुणाला तरी शिव्या घालत होता, आणि पोर रडता रडता हसायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मी पुसत नव्हते. मग मला राहवेना. मी उठले, अनवाणीच मधली खोली ओलांडली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिले.

ताईने मान वर करून पाहिलं. नातीला मांडीवरून खाली ठेवलं आणि पदर नीट केला.

“उठलीस का?” ती म्हणाली. “तुला झोप नीट लागली ना? बस, चहा ठेवते.”