शंभर टक्के येणारे पाहुणे

“तिला काय इचारायचं त्यात? गप्प बसली की व्हय समजायचं.”

हे वाक्य माझ्याविषयी होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. स्वयंपाकघरात माझ्या सासूबाई शेजारच्या सुलाकाकूंना सांगत होत्या आणि मी मागच्या दारात लसूण सोलत बसले होते. माझ्या कानात इयरफोन, म्हणून त्यांना वाटलं, हिला काही ऐकू येत नाही. आता तुम्हाला म्हणून सांगते, एका कानातला इयरफोन मी कायम काढून ठेवायची. नव्या सुनेनं दोन्ही कान बंद करून कसं चालेल?

आणि गंमत बघा, दुसऱ्या कानात नेमक्या त्याच क्षणी ऑनलाइन वर्गातल्या मॅडम म्हणाल्या, “लक्षात ठेवा, मौन म्हणजे स्वीकृती नव्हे.”

बास! तिथंच माझी वाट लागली. चहा गार व्हायच्या आत सगळं सांगून टाकते, कारण त्यानंतर मी जो घोळ घातला, त्यामुळं आमच्या गल्लीत मला अजून ‘वकीलबाई’ म्हणतात. आणि ते कौतुकानं नाही, बरं का!

मी मूळची नेसरीची, बी.कॉम. झालेली. दिलं कोल्हापूरला खेटून असलेल्या गावात. मी तशी कमीच बोलते. सासूबाईंना ‘आत्या’ आणि सासऱ्यांना ‘मामा’ एवढ्या दोन शब्दांवर माझे सुरुवातीचे महिने निघाले. नवरा, विक्रम, सकाळी एमआयडीसीत कामाला गेला की मी मोबाइलवर व्यवसाय आणि करार कायद्याचा वर्ग लावायची. पुढंमागं कुठं ऑफिसात नोकरी धरायची तर उपयोग होईल म्हणून. प्रस्ताव, स्वीकृती, अटी, शर्ती... लसूण सोलता सोलता मी निम्मी वकील झाले होते. निदान मला तरी तसं वाटत होतं.

तर मला न विचारता ‘व्हय’ कशाला समजले होते? म्हाईच्या आमंत्रणांना! म्हाई म्हणजे गावदेवीच्या नावानं घरोघरी मटणाचं जेवण. आख्ख्या गावात त्या दिवशी चूल एकच भाषा बोलते, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. पाहुण्यांना फोन करायचे, किती माणसं येणार ते बघायचं आणि मटण किती आणायचं ते मामांना सांगायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. म्हाईत मटण कमी पडलं तर त्या घराचं नाक गेलंच समजा. त्यातून यंदा आत्यांचे थोरले भाऊ, उचगावचे दादा, यांना बोलवायचं होतं. म्हणजे माहेरच्या माणसासमोर नाक!

मी मनात म्हटलं, थांबा. गप्प बसणारी सून काय करू शकते ते दाखवतेच. यंदाची म्हाई कायद्यानं होणार!

पहिला फोन बिद्रीला, मामांचे जुने दोस्त तानाजीराव यांना.

“म्हाईला यायचं बरं का, काका.”

“बघतो की पोरी. जमलं तर येतो. शेतात पाणी पाजायची पाळी कवा येत्या त्यावर हाय.”

सशर्त स्वीकृती! मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वीकृती निखळ हवी, बिनशर्त हवी. तानाजीराव बाद.

दुसरा फोन विक्रमच्या मावशीला. मी बोलत राहिले, तिकडून नुसतं “हं... हं... बरं, ठेवू का?” मौन! मावशी बाद.

मग उचगावचे दादा. “येतो की! पर त्यो पांढरा रस्सा मागल्यागत पातळ नको. दाट पायजे, सांगून ठेवतो.”

आता कायद्यात याला काय म्हणतात माहीत आहे? नवा प्रस्ताव! समोरच्यानं स्वतःची अट घातली की आपला मूळ प्रस्ताव संपला. दादा बाद!

आणखी कुणी म्हणालं, “मालकास्नी इचारून सांगते.” अधिकारच नाही, बाद. मग धरले कुणाला? विक्रमच्या दोस्तांना, त्याच्या साहेबांना. सगळे छाती ठोकून म्हणाले, “नक्की! शंभर टक्के! वहिनी, आमचं ताट वाढूनच ठेवा!” अहाहा! काय ती निखळ, बिनशर्त, सुस्पष्ट स्वीकृती!

तुम्ही कोल्हापूरकडचे असाल तर आत्ताच कपाळावर हात मारला असेल. मारा. मलाही हे माहीत नव्हतं असं नाही. नेसरीतही असंच बोलतात की! पण चार धडे शिकलं की माणूस आधी माहीत असलेलंच विसरतं, त्याला काय करणार?

मी मामांना आकडा सांगितला. गेल्या वर्षीच्या निम्म्याहून कमी.

मामांनी चष्मा वर केला. “येवढंच? आणि तानाजी?”

“ते सशर्त आहेत, मामा.”

“काय हाय त्यो?”

“येणार नाहीत.”

आत्या पदर सावरत पुढं आल्या. “अगं, पर माझा दादा?”

“त्यांचा नवा प्रस्ताव आहे, आत्या.”

आत्यांना काही कळलं नाही, पण मामांची छाती मात्र फुगली. “शिकल्याली सून हाय आपली! उगं दरसाली मटण उरतंय आन् वाया जातंय.” एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते कट्ट्यावर जाऊन माझं कौतुक करून आले. सुलाकाकूंनी मला हाक मारली, “आमचं बी तेवढं कायद्यात बसवून दे की गं!” मीही बसवून दिलं. मोकळ्या मनानं!

म्हाईचा दिवस उजाडला. उन्हं तापली, रश्शाला तर्री आली, आणि दारात जीप थांबली. तानाजीराव! मागं त्यांचे दोन भाऊ, भावांची पोरं, आणि वाटेत भेटले म्हणून घेतलेले कुणीतरी पाहुण्यांचे पाहुणे.

माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, तुम्ही तर बघतो म्हणाला होतात!”

“मग? बघतो म्हनलो म्हंजे येतोच की! न्हाय यायचं असतं तर ‘नक्की येतो’ म्हनलो नसतो व्हय?”

माझ्या पायाखालची फरशी सरकली. इतक्यात मावशी आल्या, त्यांच्या दोन लेकी, जावई. मग दादा, सगळं उचगाव घेऊन आल्यागत! चपलांचा ढीग पायरीवरनं रस्त्यावर गेला. आणि आमचे शंभर टक्केवाले? एकजण नाही! विक्रमनं साहेबांना फोन लावला, तर म्हणे, “अरे, नक्की येणार होतो, पण...”

मी पातेल्यात डोकावले. मटण असं दिसत होतं, जणू तेच कुठल्यातरी घरी पाहुणं म्हणून आलंय. मामा मटणवाल्याकडं धावले. दुकान धुऊन पुसून बंद!

मग माझं डोकं चाललं. उपकंत्राट! मी सरळ ओसरीवर गेले आणि म्हणाले, “काका, आधी सुलाकाकूंकडं दोन घास खाऊन या, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.” तानाजीरावांच्या जीपमधली मंडळी खुशीत उठून शेजारी गेली. मी कपाळावरचा घाम पुसते न पुसते, तोच ती परत आली. सोबत सुलाकाकूंचे पाहुणे!

“काकू म्हणाल्या, आधी तुमच्याकडं जेवून या. न्हायतर तुमास्नी वाईट वाटंल.”

अहो, त्यांचा हिशेब तरी कुणी केला होता? मीच की!

शेवटी मामांनी कोपऱ्यावरच्या दुकानातनं अंडी आणली. ढीगभर. मी उकडली, सोलली, तांबड्या रश्शात सोडली आणि देवीचं नाव घेतलं. दुसरा उपाय काय होता, तुम्हीच सांगा!

पंगत बसली. मी वाढत होते. दादांनी वाटीत बोटं घातली आणि अख्खं अंडं वर काढून सगळ्यांना दिसेल असं धरत आत्यांना हाक मारली.

“शालन! म्हाईला अंडं? आमी काय दवाखान्यातनं उठून आलोय व्हय?”

आत्यांचा चेहरा पांढऱ्या रश्शासारखा झाला. पण त्या माझ्याकडं वळूनही बघेनात. म्हणाल्या, “न्हाय रं दादा, त्यो मटणवालाच ऐनवेळी...”

माझ्यावर पांघरूण घालत होत्या! माहेरच्या माणसासमोर, स्वतःच्या नाकाची पर्वा न करता. मग मात्र मला गप्प बसवेना.

“मटणवाल्याचं काय न्हाय, दादा. हिशेब माझा. तुम्हाला मी धरलंच नव्हतं.”

“का गं? माझं काय चुकलं?”

“पांढरा रस्सा दाट पाहिजे, अशी अट घातली तुम्ही. कायद्यानं आमचं आमंत्रण तिथंच संपलं.”

दादांच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. “रश्श्यापायी मी बाद?”

“आणि मी गं?” तानाजीराव.

“तुम्ही सशर्त.”

“आणि मी?” मावशी.

“तुम्ही मौन.”

मग तानाजीरावांना असा काही ठसका लागला की त्यांच्या भावानं पाठीत दोन बुक्क्या घातल्या. आख्खी पंगत हसायला लागली. मामा हसले, आत्या पदर तोंडाला लावून हसल्या. दादांनी ते अंडं एका घासात संपवलं आणि वाटी पुढं केली. “वाढ आणि एक. कायद्यात बसतंय न्हवं?”

(पुढं वर्गाच्या परीक्षेत स्वीकृतीवर प्रश्न आला. ‘जमलं तर येतो’ म्हणणाऱ्याला मी डोळे झाकून ‘हो’ धरलं. गुण गेले. जाऊ देत!)

जेवणं होत आली तेव्हा दादा म्हणाले, “शालन, पुढल्या म्हाईचं बी हिलाच बघू दे. एकदा चुकल्यालं माणूस दुसऱ्यांदा चुकत न्हाय.”

आणि आत्या, ज्यांच्या मते मला विचारायचं कारणच नव्हतं, त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, “इचारतीया न्हवं तुला? बघशील का? सांग की तोंडानं.”

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. गप्प बसले असते तरी ‘व्हय’ झालं असतं. पण आता मला विचारलं होतं! मॅडमचा धडा अख्खा आठवला. स्वीकृती निखळ हवी, बिनशर्त हवी, स्पष्ट शब्दांत हवी. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं, घसा साफ केला आणि शेवटच्या ताटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“बघते की... जमलं तर!”